पोरं फडावर जाऊ नयेत म्हणून संस्था नेमकं काय करतात?

बीड : दसरा झाला की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या पट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, शेरडं आणि त्यांच्यासोबत पोरंही चढतात. शाळेचं पहिलं सत्र गावात आणि दुसरं उसाच्या फडात, असा हा हिशोब. हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, नाहीतर होऊन गेलेली असते.

आई-बापाला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही पहाटेपासून फडात असतात, मग घरी लेकराला बघणार कोण? आजी-आजोबा धडधाकट असतील तर पोरगं गावात राहतं, नसतील तर सोबत जातं. तिथं गेल्यावर थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. शाळेतलं नाव तेवढं हजेरीपटावर राहतं. चार-पाच हंगाम असे गेले की सातवी-आठवीच्या पोराला दुसरीचं पुस्तकही नीट वाचता येत नाही आणि मग ते आपसूकच शाळेबाहेर पडतं. पुढं त्याच्याही हातात कोयता.

यावर पहिला मोठा प्रयोग झाला तो साखरशाळांचा. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेनं कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या शेजारीच शाळा भरवल्या. मुलं जिथं आहेत तिथं शाळा न्यायची, एवढी साधी कल्पना. पुढं शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि भर आला तो जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्यावर. कागदावर हे बरोबरच आहे. पण तळापासून शाळा दोन-तीन किलोमीटर लांब असली आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग असली, तर सहा वर्षांचं लेकरू जाणार कसं? टोळी कर्नाटकात गेली तर शाळा कन्नड. म्हणून मुलाला गावातच ठेवणं, हा दुसरा मार्ग जास्त चालला.

गावात ठेवायचं म्हणजे काय?

शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचा ‘शांतिवन’ प्रकल्प आहे. ऊसतोड मजुरांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथं राहून शिकतात. अशा निवासी कामात खरा खर्च वह्या-पुस्तकांचा नसतो. तो असतो दोन वेळच्या जेवणाचा, आजारपणाचा, आणि रात्री मुलांजवळ थांबणाऱ्या माणसाचा. शाळेत दुपारची खिचडी मिळते हो, पण संध्याकाळचं काय? आणि वयात आलेली मुलगी रात्री कुणाच्या भरवशावर ठेवायची? या दोन प्रश्नांना उत्तर नसलं की बाप तिला सोबत नेतो, नाहीतर लवकर लग्न लावून मोकळा होतो. कमी वयात होणाऱ्या लग्नांचं एक मूळ इथं आहे.

जूनमध्ये दप्तरं वाटून फोटो काढणाऱ्यांची आपल्याकडं कमतरता नाही. दप्तर वाईट नाही, पण दसऱ्यानंतर तेच दप्तर कोपीत खुंटीला लटकतं. मदत करायचीच असेल तर एका मुलाचा सहा महिन्यांचा जेवणखर्च उचलणं जास्त उपयोगी. बऱ्याच संस्था आता देणगीदारांकडं हेच मागतात.

सरकारी बाजूही आहे. समग्र शिक्षा अंतर्गत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहं चालतात. मुलांना जेवण तिथं मिळतं, झोपायला बरीचशी मुलं आजीकडं किंवा चुलत्याकडं जातात. निधी उशिरा येतो, ही तक्रार जुनीच. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली : ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी एकूण ८२ वसतिगृहं. जिथं सरकारी सोय पोचत नाही किंवा वेळेत सुरू होत नाही, तिथं संस्थेचं काम उरतंच. कित्येकदा ते काम म्हणजे नुसती कागदपत्रं. आधार, जन्मदाखला, वडील वारले असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज. एकट्या आईला हे सगळं करायला तालुक्याला चार खेपा माराव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो. संस्थेचा कार्यकर्ता सोबत असला की काम लवकर होतं, हे मान्य करायला हवं.

जाण्याआधी एवढं बघा

मूल सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणावरून पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. कायद्यातच तसं आहे.

आणि मूल एखाद्या संस्थेत ठेवणार असाल तर चौकशी करूनच ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंदणी लागते. ‘पुण्याला आश्रमात फुकट शिकवतो’ म्हणत दसऱ्याच्या सुमारास वस्तीवर कुणी आलं, तर आधी नोंदणीचा कागद मागावा. खात्री जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा बालकल्याण समितीकडं करता येते. मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.