कॅडची फाईल जुन्या आवृत्तीत का उघडत नाही?

भोसरी असो की नाशिकचं अंबड, छोट्या टूलरूममध्ये हा प्रसंग कधी ना कधी येतोच. गिऱ्हाईकाने पार्टची फाईल मेलने पाठवलेली असते. डिझायनर ती उघडायला जातो आणि पडद्यावर संदेश येतो, की ही फाईल पुढच्या आवृत्तीत बनवलेली आहे. गिऱ्हाईक म्हणतं, 'आम्ही अपग्रेड केलं, तुम्हीही करून घ्या.' डीलर म्हणतो, 'आधी मागची थकबाकी भरा.' डाय मात्र ठरल्या तारखेलाच द्यायची असते. यात खरी तांत्रिक अडचण किती आणि कंपनीचा निर्णय किती, हे समजायचं तर फाईलच्या आत काय असतं ते बघावं लागतं.

समजा, 100 बाय 60 ची, 12 मिलिमीटर जाडीची एक प्लेट आहे. तिला एम 8 बोल्टसाठी 9 मिलिमीटरची चार भोकं आहेत आणि वरच्या कडांना 2 मिलिमीटरचा फिलेट आहे. पार्ट फाईलमध्ये या प्लेटचा तयार आकार असतोच, पण त्यासोबत तो घडवण्याची सगळी कृतीही असते, पाककृतीसारखी क्रमवार: आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग एक भोक, त्याचा पॅटर्न, शेवटी फिलेट. जाडी 12 ची 15 केलीत, की सॉफ्टवेअर ही कृती पहिल्या पायरीपासून पुन्हा करतं.

खरी गोम फिलेटमध्ये आहे. फिलेट कोणत्या कडेवर द्यायचा, हे सॉफ्टवेअरला लक्षात ठेवावं लागतं. पण मॉडेल नव्याने बांधलं की कडाही नव्याने तयार होतात. म्हणून प्रत्येक कडेला एक अंतर्गत ओळख दिलेली असते. नव्या आवृत्तीत ही ओळख द्यायची पद्धत बदलली, किंवा फिलेटचं गणित सुधारलं, तर जुन्या आवृत्तीला त्या नोंदीचा अर्थ लागत नाही. नव्याला जुनं शिकवता येतं, पण विकून झालेल्या जुन्या आवृत्तीला पुढच्या गोष्टी कळणार कुठून? इथवर कोणाचीही लबाडी नाही.

आता ऑटोकॅडकडे बघा. कोणतीही डीडब्ल्यूजी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी1032 असेल तर फाईल 2018 च्या स्वरूपातली, एसी1027 असेल तर 2013 च्या, एसी1024 असेल तर 2010 च्या. नवं ऑटोकॅड 'सेव्ह ॲज'मध्ये ही जुनी स्वरूपं देतं, त्यामुळे ड्रॉइंगची देवाणघेवाण सहसा अडत नाही. रेषा, वर्तुळं आणि मजकूर मागे नेणं सोपं असतं. सॉलिड मॉडेल मागे नेणं अवघड आहे, हे मान्य.

पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. सॉलिडवर्क्स 1995 मध्ये बाजारात आलं. फाईल मागच्या आवृत्तीत सेव्ह करायची सोय त्यात 2024 च्या आवृत्तीत मिळाली. तीही दोनच आवृत्त्या मागेपर्यंत, आणि ज्यांचं सबस्क्रिप्शन चालू आहे त्यांनाच. जी गोष्ट करता येत होती तिला जवळजवळ तीस वर्षं लागली, याचं कारण नुसतं गणित नाही. वापरणाऱ्याची ही अडचण कंपनीच्या यादीत वर आलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फाईल मागे जात नसली की पुरवठादारांच्या अख्ख्या साखळीला पुढे यावं लागतं, आणि त्याचे पैसे कोणाकडे जातात हे सांगायला नको.

लायसन्सचंही तेच. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 31 जानेवारी 2016 नंतर आपल्या बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरची कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. त्याआधी एकदा पैसे भरले, की ती आवृत्ती संगणक साथ देईल तोवर वापरता येत असे. आता रिन्यूअल थांबलं, की स्वतःच काढलेल्या मॉडेलमध्ये एक माप बदलायचीही चोरी. 2020 मध्ये याच कंपनीने फ्यूजन 360 च्या मोफत, वैयक्तिक लायसन्सला कात्री लावली. संपादनासाठी एका वेळी दहाच फाईली सक्रिय ठेवता येतील, असं ठरलं. स्टेप एक्स्पोर्टही जाणार होतं. वापरणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा निदान तेवढं मागे घेतलं गेलं. ओरड वाया जात नाही, हे त्यातून दिसलं.

सपोर्टची वाट आपल्याकडे डीलरपासून सुरू होते. डीलरकडचा इंजिनिअर बऱ्याचदा मनापासून मदत करतो, पण सोर्स कोड त्याच्या हातात नसतो. तो तक्रार वर पाठवतो. मूळ कंपनीला ती खरी वाटली तर तिला दोष म्हणून क्रमांक मिळतो आणि ती रांगेत लागते. कधी कधी दोष कंपनीच्याही पलीकडे असतो. सॉलिडवर्क्स दासोचं, पण त्यातलं भूमितीचं गणित करणारं पॅरासॉलिड हे कर्नल सीमेन्सचं आहे. फिलेट तिथेच चुकत असेल तर उत्तराला आणखी एक दार ओलांडावं लागतं.

मला सर्वात जास्त चीड येते ती तक्रार परस्पर बंद करण्याची. एका सर्व्हिस पॅकनंतर आमच्या ड्रॉइंगमधली मापं सुटी पडू लागली होती. फाईल आणि स्क्रीनशॉट पाठवले. 'नव्या आवृत्तीत तपासून पाहा' एवढं उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. वर्षाचा मेंटेनन्स भरणाऱ्याला हे उत्तर देणं गैर आहे.

म्हणून तक्रार अशी करावी, की ती टाळता येऊ नये. अख्खी असेंब्ली पाठवू नका. एकेक फीचर काढत जा आणि दोष दिसणारा लहानात लहान पार्ट उरेल तोच पाठवा. सोबत बिल्ड नंबर, ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि क्रमवार पायऱ्या लिहा. तिकीट क्रमांकावर समाधान मानू नका, दोषाचा क्रमांक मागा. पुढच्या वेळी रिन्यूअलची बोलणी निघतील तेव्हा त्या क्रमांकांची यादी टेबलावर ठेवा, कारण त्या दिवशी तुमचा शब्द सर्वात जड असतो.

आणि ड्रॉइंग रिलीज कराल त्याच दिवशी मूळ फाईलशेजारी स्टेप, पीडीएफ आणि लेसर कटिंगचं काम असेल तर डीएक्सएफ ठेवा. स्टेप हे आयएसओ 10303 हे जाहीर मानक आहे, एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्याच्या एपी242 प्रकारात टॉलरन्सही जातात. वर सांगितलेली कृती मात्र त्यात येत नाही. 12 ची जाडी 15 करायची तर फीचर ट्री नसलेल्या घनावर थेट काम करावं लागतं. ते नुकसान खरं आहे, पण फाईल न उघडण्यापेक्षा ते परवडतं.

जॉबवर्क देणाऱ्या मोठ्या कारखान्यांना एक विनंती आहे. आवृत्ती बदलण्याआधी आपल्या पुरवठादारांना विचारा, आणि पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवा: मूळ फाईल अमुक आवृत्तीत, सोबत स्टेप. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि तुमच्या अपग्रेडचा भुर्दंड दोन मशीनच्या वर्कशॉपवर पडत नाही.