घास घशात अडतो तेव्हा

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांना लकवा झाला. हातपाय हळूहळू सुधारले. पण पाणी प्यायले की ठसका लागे. सूनबाई घाबरून म्हणे, "मामंजी, वर बघा, वर बघा!" आम्हीही जन्मभर असेच म्हणत आलो. पण ते चूक होते.

असे का? घशात दोन वाटा आहेत. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर झाकण पडते. लकव्याने घसा ढिला पडतो. झाकण वेळेवर पडत नाही. मग पाणी फुप्फुसात शिरते. मान वर केली तर ती वाट आणखी उघडते. त्यातून न्यूमोनिया होतो. जीवही जातो.

डॉक्टरांनी आजोबांना तपासले. म्हणाले, निजवून भरवू नका. ताठ बसवा. हनुवटी किंचित खाली असू द्या. लहान घास द्या, घाई नको. पाणी चटकन घसरते. दाट पेज सावकाश उतरते. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. गिळण्याचा व्यायामही शिकवला. आता आजोबा पोटभर जेवतात. चहा मात्र दाट करून प्यावा लागतो. त्यावर रोज कुरकुर चालते!

लकवा नसताना घास अडू लागला, तर गोष्ट वेगळी. आधी भाकरी अडते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. वजन उतरते. हा अन्ननळीचा कर्करोग असू शकतो. तंबाखू आणि दारू यांनी त्याचा धोका वाढतो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार करते. पाणी अडेपर्यंत थांबू नका. भाकरी अडू लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.