घोरपड, कावळा आणि शंभर मोहरांचं विष

चार मित्र, वीस बाजूंचा एक फासा आणि जेवणाचं टेबल एवढ्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. मग तो घोडबंदरच्या टॉवरमध्ये बसो की डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेल्या या खेळात प्रत्येक जण एका पात्राचं सोंग घेतो आणि डीएम, म्हणजे सूत्रधार, गोष्ट पुढे नेतो. नव्या खेळाडूंची उडी दोन गोष्टींवर हमखास पडते: विषाची कुपी आणि सोबतीचा प्राणी. दोन्हींबद्दल समजुती भरपूर, पण नियम वाचलेले थोडेच. इथले नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. २०२४ च्या पुस्तकांत त्यातले काही बदलले.

गैरसमज १: विष लावलं की शत्रू आडवा.

वस्तुस्थिती: साध्या विषाच्या एका कुपीला शंभर सोन्याच्या मोहरा पडतात. दोन हातांनी पेलायची मोठी तलवार पन्नासात येते. कुपी एका शस्त्राला पुरते आणि लावलेलं विष मिनिटभरात वाळतं. घाव बसलेल्यानं फाशावर दहा गाठले तर त्याला काहीच होत नाही. नाही गाठले तर एक ते चार गुणांचं नुकसान. त्यातून सांगाड्यांना आणि चालत्या प्रेतांना विष बाधतच नाही. मारण्याच्या हिशेबानं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

कमाई दुसरीकडे आहे. दीडशे मोहरांचं 'ट्रुथ सीरम' कुणाला बाधलं, तर तो तासभर जाणूनबुजून खोटं बोलू शकत नाही. 'मिडनाइट टिअर्स' पोटात गेलेल्याला मध्यरात्रीचे ठोके पडेपर्यंत काही होत नाही, आणि त्याआधी उतारा मिळाला तर पुढेही होत नाही. जेवणात ते मिसळून किल्लेदारासमोर बसा: दरवाजा उघडलास तर उतारा, नाहीतर बारा वाजायची वाट बघ. तलवार म्यानातच राहते आणि अख्खी संध्याकाळ घासाघिशीत रंगते.

गैरसमज २: सोबतीचा प्राणी म्हणजे चावायला एक जादा सैनिक.

वस्तुस्थिती: 'फाइंड फॅमिलियर' मंत्रानं आलेल्या प्राण्याला हल्ला करताच येत नाही, तसा नियमच आहे. त्याचं काम टेहळणीचं. तो शंभर फुटांच्या आत असला तर मांत्रिक त्याच्या डोळ्यांनी पाहतो, मात्र तेवढा वेळ स्वतः आंधळा आणि बहिरा होतो. त्यामुळे मांत्रिकापाशी कुणीतरी पहाऱ्याला उभं राहावं लागतं.

'अ‍ॅनिमल मेसेंजर'ची गंमत आणखी वेगळी. छोटासा प्राणी पंचवीस शब्दांचा निरोप तुमच्याच आवाजात पोचवतो. चोवीस तासांत उडणारा प्राणी ५० मैल जातो, बाकीचे २५. आपल्या भाषेत सांगायचं तर कल्याण ते सीएसएमटी रेल्वेनं साधारण ५४ किलोमीटर. कावळा आरामात पोचेल. खार मात्र कुर्ल्याच्या आसपास असतानाच मंत्र संपेल आणि निरोप हवेत विरेल. शिवाय ज्याला निरोप द्यायचा त्याचं ढोबळ वर्णनच प्राण्याला सांगता येतं. 'काळा कोट घातलेला टीसी' म्हणालात, तर पहिला दिसेल त्या काळ्या कोटाला तो तुमचा सगळा कट ऐकवून मोकळा होईल. मुरलेला डीएम नेमकी हीच फट हेरतो.

गैरसमज ३: साप हाताशी असला की विष फुकट, आणि उतारा घेतला की भीती नाही.

वस्तुस्थिती: विष काढायला प्राणी मेलेला किंवा पुरता निपचित लागतो. फाशावर वीस गाठावे लागतात आणि हाती लागतो एकच डोस. पाच किंवा जास्त गुणांनी चुकलात, तर ते विष तुम्हालाच. पन्नास मोहरांचं 'अँटिटॉक्सिन' चढलेलं विष उतरवत नाही. ते तासभर तुम्हाला विषाविरुद्ध दोन फासे टाकून मोठा अंक घेण्याची मुभा देतं, एवढंच.

खरं जगही फारसं उदार नाही. परळच्या हाफकिन संस्थेमुळे आपल्याला ठाऊक असलेलं सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवातून बनतं, आणि ते नाग, मण्यार, घोणस व फुरसं या चारच सापांच्या विषांसाठी असतं. नागाशी झुंजणारं मुंगूस 'मुंगूसवेल' चघळून विष उतरवतं ही ऐकीव गोष्ट. त्याच्या स्नायूंवर नागाचं विष जिथे चिकटतं, त्या जागांची घडणच वेगळी असल्यानं ते विष नीट चिकटत नाही. तरी भरपूर विष गेलं तर मुंगूसही मरतं.

गैरसमज ४: विष म्हटलं की खलनायक.

वस्तुस्थिती: आपल्याच ग्रंथांत यावर मतभेद आहेत. मनुस्मृती युद्धात विषारी बाणांना मनाई करते. कौटिल्याचं अर्थशास्त्र विष शत्रूवर वापरायचंही सांगतं आणि राजाला त्यापासून वाचवायचंही. बचावासाठी राजवाड्यात प्राण्यांची फौजच ठेवली आहे: साप खायला मांजर, मोर आणि मुंगूस, साप किंवा विषाची शंका येताच ओरडणारे पोपट आणि साळुंक्या, विषाजवळ बेभान होणारा क्रौंच, विष दिसताच डोळ्यांचा रंग बदलणारा चकोर. पक्षिशास्त्र याला दुजोरा देत नाही. पण मेजवानीत कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातला चकोर अचानक डोळे बदलतो, हा प्रसंग कुठल्याही डीएमनं उचलावा असाच आहे.

गैरसमज ५: तानाजीच्या यशवंती घोरपडीनं कोंढाणा चढून दाखवला, मग खेळात का नाही?

वस्तुस्थिती: फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला हा इतिहास. दोर बांधलेली घोरपड ही तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे घरोघर पोचलेली कथा. सभासदाच्या बखरीत कडा चढतात ती माणसंच. घोरपडीची पकड घट्ट असते, पण गड्यामागून गडी दोरावर लटकले तर ती पकड टिकणार नाही.

खेळात यशवंती जरूर आणा, फक्त तिच्याकडून तिला झेपेल तेवढंच करून घ्या. कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडीच्या तटाखाली डाव मांडला आहे समजा. घोरपडीनं बारीक सुतळी वर न्यावी, आत फितवलेल्या माणसानं ती ओढून जाड दोर वर घ्यावा आणि बुरुजाला बांधावा. आता घोरपड, फितूर आणि पहारेकरी अशी तीन पात्रं झाली, आणि घात कुणाकडूनही होऊ शकतो.

गैरसमज ६: खेळातलं ज्ञान बाहेरही चालतं.

वस्तुस्थिती: अजिबात नाही. घोरपड, नाग, मुंगूस आणि आपला देशी पोपटसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. येऊरच्या वाटेवर कुणाला साप चावला, तर जखम कापू नका, तोंडानं विष ओढू नका, करकचून आवळपट्टी बांधू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. सापाच्या मागे लागून त्याला पकडून न्यायचीही गरज नाही. डॉक्टर लक्षणं बघून उपचार ठरवतात.