मळीतून इंधनाकडे : इथेनॉलच्या सरकारी पाठबळाची वीस वर्षे

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी फिरल्यावर कापसाच्या जोडीला ऊस आला. गढीचा जयभवानी सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. अशा ऊसपट्ट्याला औद्योगिक जैवतंत्रज्ञान भेटते ते मुख्यतः इथेनॉलच्या रूपाने. मळी पाण्याने पातळ करून तीत यीस्ट सोडले की दिवस-दीड दिवसात साखरेचे अल्कोहोल होते. ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करून त्यातले उरलेसुरले पाणी काढले की पेट्रोलमध्ये मिसळता येते. तंत्र जुनेच आहे. अडत होते ते माल घेणार कोण आणि कोणत्या भावाने, इथे.

जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. डिसेंबर २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ साठी २० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात २०१३-१४ मध्ये मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. खात्रीचा भाव नसेल, तर नुसत्या लक्ष्यावर कोणता कारखाना कर्ज काढून डिस्टिलरी उभी करील?

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने खरेदीचा भाव स्वतः ठरवायला सुरुवात केली आणि खरा बदल तिथून झाला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने पुढचे दार उघडले. तोवर साखर काढून झाल्यावर उरलेली, म्हणजे सी-हेवी मळीच वापरात होती. आता साखरेचा काही अंश मुद्दाम मागे ठेवलेली बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रसही चालू लागला, आणि प्रत्येकाला वेगळा भाव मिळाला. त्याच वर्षी डिस्टिलरीच्या कर्जांवर व्याज सवलत आली, मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रण गाठले.

या पाठबळाची कच्ची बाजू ७ डिसेंबर २०२३ ला दिसली. पाऊस कमी झाल्याने साखर अपुरी पडेल या भीतीने केंद्राने रस आणि पाकापासूनच्या इथेनॉलवर ऐन गाळप हंगामात बंदी घातली. आठवडाभरात ती मर्यादेसह सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. धोरणावर विसंबून कर्ज काढलेल्या कारखान्यांना हा फटका अन्यायाचाच होता. दरम्यान मक्यासारख्या धान्यांपासूनच्या इथेनॉलचा वाटा उसाच्या पुढे गेला. २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले.

कारखान्यांची अडचण भावातही दिसली. शेतकऱ्याला द्यावा लागणारा उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२४-२५ मध्ये ती ३४० झाली. त्या काळात बी-हेवी इथेनॉलचा भाव मात्र लिटरला ६०.७३ आणि रसापासूनच्या इथेनॉलचा ६५.६१ रुपयेच राहिला.