कॉफी : फुलोऱ्यापासून कपापर्यंत

कॉफीचा कस शेवटी कपात लागतो. परंतु तो टिकवायचा की घालवायचा, हे तोडणी आणि वाळवणीतच ठरते. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूरु व हासन या जिल्ह्यांत होते. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफीची लागवड आहे. अरेबिका उंचावरील थंड भागात, तर रोबस्टा कमी उंचीच्या उष्ण व दमट भागात येते. दोन्हींना पांगारा, सिल्व्हर ओक यांसारख्या झाडांची सावली देतात.

फुलोरा : हिवाळ्यातील कोरड्या काळात कळ्या सुप्त राहतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये २५ ते ४० मि.मी. वळवाचा पाऊस झाला, की आठ-दहा दिवसांत पांढरी, सुवासिक फुले येतात. पाऊस हुकल्यास तुषार सिंचन करावे. अरेबिकाची फळे आठ-नऊ महिन्यांत, तर रोबस्टाची दहा-अकरा महिन्यांत पिकतात.

तोडणी : सर्व फळे एकाच वेळी पिकत नाहीत. म्हणून लाल झालेली फळेच वेचावीत व चार-पाच वेळा तोडणी करावी. मजुरी वाचविण्यासाठी फांदी ओरबाडल्यास हिरवी फळे मिसळतात आणि कॉफी तुरट व कडवट होते.

प्रक्रिया : ओल्या पद्धतीत तोडणीच्या दिवशीच पल्पर यंत्राने साल काढावी. बियांवरील चिकट थर सुटण्यासाठी अरेबिका साधारण २४ ते ३६ तास आंबवून स्वच्छ पाण्याने धुवावी. जास्त आंबल्यास आंबूस वास लागतो व तो पुढे जात नाही. कोरड्या पद्धतीत अख्खी फळे वाळवितात. कॉफी जमिनीवर न पसरता सिमेंटच्या खळ्यावर किंवा जाळीच्या मांडवावर पातळ थरात वाळवावी, वरचेवर हलवावी आणि रात्री झाकावी. सालीविना वाळविलेल्या कॉफीत ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणावा. ओलसर माल साठविल्यास बुरशी येऊन कुबट चव येते. खते, औषधे, मिरची यांचा वास कॉफी ओढून घेते. म्हणून ती वेगळ्या खोलीत ठेवावी.

भाजणी : बिया सुमारे २०० अंश सेल्सियसला पोचल्या, की तडतडून फुगतात. वजन साधारण १५ ते २० टक्के घटते. हलक्या भाजणीत आंबटपणा व सुगंध राहतो, गडद भाजणीत कडूपणा वाढतो. गडद भाजून दोष थोडा झाकता येतो, घालविता येत नाही.

चव परीक्षण : हलकी भाजलेली सुमारे ८ ग्रॅम भरड पूड पेल्यात घेऊन प्रथम वास घ्यावा. त्यावर उकळी उतरलेले १५० मि.लि. पाणी ओतावे. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून पुन्हा वास घ्यावा. फेस काढून थोडे निवल्यावर घोट भुरकून तोंडात फिरवावा व थुंकावा. दूध-साखर घालू नये.

विक्रीपूर्वी प्रत्येक तोडणीचा नमुना असा घरीच तपासावा. दोषी माल वेळीच वेगळा काढल्यास चांगल्या मालाचा भाव पडणार नाही.