मज्जारज्जूच्या आघातानंतर हाताची पकड : मापन आणि एक सावधगिरी

चरकाचार्यांनी हातांची कर्मे दोन सांगितली आहेत : ग्रहण आणि धारण. मानेतील मज्जारज्जूस आघात झालेल्या रुग्णात ही दोन्ही निरनिराळी तपासावी लागतात. पेला उचलता येणे आणि तो तोंडापर्यंत नेईतो धरून ठेवता येणे एक नव्हे.

मुरबाड-शहापूर भागात राबासाठी झाडावर चढून फांद्या तोडतात, आणि झाडावरून पडणे हे आपल्याकडे अशा आघाताचे नेहमीचे कारण आहे. हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणाहून घरी परतलेला रुग्ण अभ्यंगासाठी वैद्याकडे येतो. तेव्हा प्रथम मापन करावे. पकडमापक यंत्र असल्यास रुग्णास बसवून, दंड अंगालगत व कोपर काटकोनात ठेवून तीन वेळा दाबावयास सांगावे आणि सरासरी किलोग्रॅममध्ये नोंदवावी. यंत्र नसल्यास रक्तदाबमापकाचा पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या २० मिलीमीटरपर्यंत फुगवावा व मुठीने दाबल्यावर दाब किती चढतो ते लिहावे. दर वेळी तोच पट्टा, तीच बैठक, शक्यतो तीच वेळ असावी. पहिल्या काही महिन्यांत पुष्कळशी सुधारणा स्वभावतःच होते. तिचे श्रेय तेलाच्या बाटलीस देण्याची घाई औषधालयाच्या चालकांनीही करू नये.

मात्र मापन शून्य आले म्हणजे हात निकामी, असे मुळीच नाही. सहाव्या ग्रीवाखंडापर्यंतचे कार्य शाबूत असल्यास बोटे स्वतः मिटत नाहीत, पण मनगट मागे उचलता येते. ते उचलताच बोटांच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटे आपोआप मिटतात व अंगठा तर्जनीच्या कडेस टेकतो. या पकडीस टेनोडेसिस म्हणतात. यंत्रावर ती जेमतेम उमटते, परंतु तिच्याच बळावर रुग्ण चमचा धरतो. म्हणून कृतींचीही परीक्षा हवी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रास्प या कसोटीत बळ व संवेदनेबरोबर बाटलीतून पाणी ओतणे, बरणीचे झाकण उघडणे, किल्ली फिरविणे, नाणी फटीत टाकणे अशी कामे पाहतात.

या पकडीचा आधार म्हणजे कंडरांचा किंचित आखूडपणा. अभ्यंग करणारा परिचारक 'आखडलेला हात मोकळा करू' म्हणून मनगट मागे वळवून बोटेही सरळ ताणतो, तेव्हा हा आधार सैल पडतो; अशी गेलेली पकड तेलाने परत येत नाही. मनगट मागे असता बोटे मिटलेली ठेवावीत. बोटे सरळ करावयाची असतील तर मनगट पुढे झुकवावे. बधिर तळव्यास स्वेदाचा चटका कळत नाही, याकरिता पोटलीची उष्णता प्रत्येक वेळी स्वतःच्या हातावर पाहूनच ती लावावी.