कियांती : नियमांनी जपलेली, नियमांनीच अडवलेली वाईन

इटलीतील टस्कनी प्रांतात ‘सांजोव्हेझे’ या काळ्या द्राक्षापासून कियांती ही रेड वाईन तयार होते. मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ मध्ये फर्मान काढून तिच्या प्रदेशाची हद्द ठरवली. १९३२ मध्ये सरकारने हे क्षेत्र वाढवले, तेव्हा मूळ डोंगराळ पट्ट्याच्या वेगळ्या ओळखीसाठी ‘क्लासिको’ हा शब्द जोडला गेला.

१९६७ च्या नियमांनी मात्र तीत पांढऱ्या द्राक्षांचे मिश्रण सक्तीचे केले. परिणामी, केवळ काळी द्राक्षे वापरणाऱ्यांना उत्तम वाईनही ‘टेबल वाईन’ म्हणून विकावी लागली. अखेर २००६ पासून क्लासिकोत पांढरी द्राक्षे वर्ज्य ठरली. आता किमान ८० टक्के सांजोव्हेझे बंधनकारक असून, बाटलीवरील काळा कोंबडा ही तिची खूण आहे.